स्टॅटिक आयपी मागण्याआधी आपला पत्ता 'पी.पी.' तर नाही ना, ते बघा

लालबागला आमच्या चाळीत फोन एकच होता, तळमजल्यावरच्या वाण्याच्या दुकानात. माझ्या आत्याच्या लग्नपत्रिकेवर त्याचाच नंबर छापला होता, पुढे 'पी.पी.' लिहून, म्हणजे फोन दुसऱ्याचा, आम्हाला बोलावून घ्यायचं. आमच्यातल्या कुणाला बाहेर फोन करायचा असला तर अडचण नव्हती. खाली जायचं, पैसे द्यायचे, नंबर फिरवायचा. पंचाईत व्हायची ती आमच्यासाठी फोन आला की. दुकानातला पोऱ्या जिन्याशी येऊन ओरडायचा, "तिसऱ्या माळ्यावर फोन!" तो जागेवर नसला किंवा दुकान बंद असलं, की समोरच्याने दहा वेळा फोन केला तरी आमच्यापर्यंत काही पोचायचं नाही.

गेली चौदा वर्षं मी परळ, लालबाग, दादर ह्या पट्ट्यातल्या छोट्या ऑफिसांचं, दवाखान्यांचं, सोसायट्यांचं नेटवर्क आणि कॅमेरे सांभाळते. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं, "ताई, आमचा डायनॅमिक आयपी आहे, स्टॅटिक करून घेऊ का? केबलवाला जास्तीचे पैसे मागतोय." मी त्यांना आधी चाळीतल्या ह्या फोनची गोष्ट सांगते. कारण हा प्रश्न लोक दोन पर्यायांचा समजतात, आणि पर्याय तीन आहेत. तिसऱ्याबद्दल कुणी सांगत नाही, आणि मुंबईतल्या घरगुती कनेक्शनांत माझ्या हाताखालून जाणारे बहुतेक पत्ते त्या तिसऱ्यातलेच असतात.

इंटरनेटवर जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. तोच आयपी. तो फक्त तुमचा आणि कायम तोच असेल, तर स्टॅटिक. फक्त तुमचा, पण इंटरनेट देणारी कंपनी अधूनमधून बदलत असेल, तर डायनॅमिक. आणि तुमच्यासारख्या पन्नास-शंभर घरांत मिळून एकच असेल, तर तो आमच्या वाण्याचा फोन. बाहेर कॉल हवे तेवढे करा, बाहेरून आत काही यायचं नाही. ह्या तिसऱ्याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्या डब्याला, म्हणजे राउटरला, कंपनी आतला एक खाजगी नंबर देते आणि स्वतःच्या मोठ्या यंत्रावर सगळ्यांची पाकिटं एका पत्त्यावरून बाहेर काढते.

हे झालं ते कंजूषपणातून नाही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास आहेत, त्याहून एकही जास्त होऊ शकत नाही. जगभरच्या वाटपाचा मुख्य साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१२ मध्ये, १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे सुमारे ४२ लाख पत्ते खास ह्या सामायिक कामासाठी राखून ठेवले गेले. ते जगातली कुठलीही कंपनी आपल्या ग्राहकांना आतल्या आत देऊ शकते, पण बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. एका खऱ्या पत्त्याला साधारण ६५ हजार पोर्ट असतात, म्हणजे एकाच इमारतीला तेवढी दारं. समजा कंपनीने प्रत्येक घराला हजार दारं वाटून दिली, तर साठ-पासष्ट घरं एका पत्त्यात मावतात.

डायनॅमिकची कुळकथा आणखी जुनी आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा मोडेमने नंबर फिरवून आत जायचं, काम झालं की फोन ठेवायचा. सगळी गिऱ्हाइकं एकाच वेळी जोडलेली नसायची. मग प्रत्येकाला कायमचा पत्ता कशाला? जो येईल त्याला मोकळा असेल तो द्यायचा. आज आपला डबा चोवीस तास चालू असतो, तरी पद्धत तीच राहिली आहे.

तपासायचं कसं

हे काम दहा मिनिटांचं आहे, आणि त्याशिवाय कंपनीला एकही फोन करू नका. एक सूचना आधीच देते. मी इथे आकडे देवनागरीत लिहिलेत, पण मशीनमध्ये टाकताना इंग्रजी आकडेच टाका.

लॅपटॉप किंवा मोबाइल घरच्या वायफायवर ठेवा. मोबाइलचा डेटा बंद करा. व्हीपीएन (दुसऱ्या नेटवर्कपर्यंतचा खाजगी बोगदा) चालू असेल तर तोही बंद करा, नाहीतर उत्तर भलतंच येईल. आता राउटरचं पान उघडा. ते बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर असतं. नक्की पत्ता आणि पासवर्ड डब्याच्या मागच्या स्टिकरवर सापडतो. आत 'स्टेटस' किंवा 'डिव्हाइस इन्फो' नावाचा भाग असतो, त्यात 'वॅन' किंवा 'इंटरनेट' ह्या नावाखाली एक आयपी दिसेल. तो कागदावर लिहा.

मग त्याच वायफायवरून, आपला आयपी दाखवणारी कुठलीही साइट उघडा. तिथे दिसणारा चार आकड्यांचा पत्ता पहिल्याच्या खाली लिहा. अक्षरं आणि अपूर्णविराम असलेली लांबलचक ओळ दिसली तर ती नव्या पद्धतीची, म्हणजे आयपीव्ही६ ची आहे. तिच्याकडे नंतर वळू.

दोन्ही ओळी तंतोतंत जुळल्या, तर तुमचा पत्ता खरा आहे, पब्लिक आहे. जुळल्या नाहीत आणि राउटरमधला पत्ता १० ने, किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधल्या कशाने, किंवा १००.६४ ते १००.१२७ मधल्या कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही वाण्याच्या फोनवर आहात. इथे १०० च्या बाबतीत बरेच जण फसतात. भोईवाड्यातले एक काका मला ठासून सांगत होते की त्यांचा पत्ता पब्लिक आहे, कारण तो १९२ ने सुरू होत नाही. तो होता १००.७२. दिसायला अगदी खऱ्यासारखा, पण आतलाच.

राउटरमधला पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर मात्र लगेच कंपनीला दोष देऊ नका. बहुधा घरात दोन डबे आहेत: एक फायबरवाल्याने लावलेला आणि दुसरा तुम्ही वायफाय चांगलं यावं म्हणून आणलेला. पहिला डबासुद्धा राउटरचं काम करत असेल, तर दुसऱ्याला त्याचाच आतला पत्ता मिळतो. तेव्हा पहिल्या डब्याच्या पानावर जाऊन वॅनचा पत्ता बघा. पब्लिक आयपी वापरायचा असेल तर ह्या पहिल्या डब्याला पुढे 'ब्रिज मोड'मध्ये टाकून घ्यावं लागतं, म्हणजे तो राउटरचं काम सोडून जोडणी नुसती पुढे देतो. ते काम कंपनीच्या माणसाकडून करून घ्या. स्वतः करताना चूक झाली तर इंटरनेटच बंद पडतं आणि त्या पानापर्यंत परत पोचता येत नाही.

पत्ता पब्लिक निघाला, तर तो बदलतो का हे एका दिवसात ठरवू नका. राउटर पंधरा मिनिटं बंद ठेवून पुन्हा लावा आणि बघा. मग आठ दिवस, रोज सकाळी एकदा, लिहून ठेवा. तीन-तीन महिने न बदलणारे डायनॅमिक पत्ते मी पाहिलेत. पण तेवढ्यावरून तो स्टॅटिक होत नाही. बदलायची वेळ अजून आली नाही, इतकंच.

ही वेळ कशी येते ते मला १२ ऑक्टोबर २०२० ने शिकवलं. त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळून मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस होते. परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबचे डॉक्टर मुलुंडच्या घरी बसून लॅबच्या सर्व्हरवरचे रिपोर्ट तपासून सही करायचे. ती सोय मीच लावून दिली होती. लॅबचा पत्ता पब्लिक होता, कित्येक महिन्यांत बदलला नव्हता, म्हणून मी तो आकड्यांतच डॉक्टरांच्या लॅपटॉपमध्ये टाकून दिला होता. वीज आली, लॅबचा राउटर पुन्हा जोडला गेला आणि त्याला नवीन पत्ता मिळाला. डॉक्टर जुन्याच पत्त्यावर प्रयत्न करत राहिले, आणि तो पत्ता तोवर कुणा दुसऱ्याच्या घरी गेलेला असू शकत होता. त्या दिवशीचे रिपोर्ट रात्री उशिरा गेले. लोक त्यांची वाट बघत होते. चूक माझी होती, आणि मी डॉक्टरांना तसं सांगितलं. तेव्हापासून मी कुणालाही पत्ता आकड्यांत देत नाही, स्टॅटिक असला तरी. नाव देते. ते कसं, हे पुढे येईल.

खरंच लागतो कुणाला

मी गिऱ्हाइकाला एकच गोष्ट विचारते: बाहेरून तुमच्याकडे कोण येणार आहे, आणि तो तुम्हाला कशावरून ओळखणार आहे?

कुणीच येणार नसेल तर विषय मिटला. व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, मुलांची ऑनलाइन शिकवणी, व्हिडिओ कॉल, सिनेमे ह्या सगळ्यात तुमचाच डबा बाहेर जातो आणि उत्तर घेऊन परत येतो. त्यासाठी सामायिक पत्ताही पुरतो. स्टॅटिक घेतल्याने वेग वाढत नाही, पावसात फायबर तुटायचं थांबत नाही, वायफाय आतल्या खोलीपर्यंत पोचत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'नेट फास्ट होईल' असं सांगून स्टॅटिक विकलेला मी पाहिलाय. घरून ऑफिसचं काम करणाऱ्यांनाही सहसा गरज नसते. ऑफिसचा व्हीपीएन आपल्याकडून तिकडे जातो. ऑफिसच्या आयटी विभागाने 'तुमचा पत्ता यादीत टाकायचा आहे' असं लेखी मागितलं, तरच विचार करा.

घरच्या किंवा दुकानाच्या कॅमेऱ्यांसाठी आता बहुतेक वेळा लागत नाही. हल्लीचे रेकॉर्डर कंपनीच्या सर्व्हरला आतूनच जोडून घेतात आणि मोबाइलवरचं अ‍ॅप त्या सर्व्हरमार्फत चित्र आणतं. गेमिंगवाल्या मुलांची तक्रार असते की मित्राशी जोडणी होत नाही, 'नॅट स्ट्रिक्ट' दाखवतं. त्यांना पब्लिक पत्ता हवा असतो. स्टॅटिक असलाच पाहिजे असं नाही. कंपनीकडे नुसता पब्लिक मिळत असेल तर तेवढाच मागा.

लागतो तो अशांना, ज्यांना समोरचा पत्त्यावरून ओळखतो. बँकेच्या सर्व्हरशी थेट व्यवहार करणारी कंपनी, एसएमएस पाठवायची सेवा वापरणारं ऑफिस, दोन शाखा व्हीपीएनने कायमच्या जोडलेला व्यापारी. आणि गेल्या वर्ष-दीड वर्षात माझ्याकडे सगळ्यात जास्त आलेली मंडळी म्हणजे शेअर बाजारात स्वतःच्या प्रोग्रॅमने सौदे करणारी. सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात ब्रोकरच्या एपीआयसाठी, म्हणजे प्रोग्रॅमने थेट सौदे टाकायच्या सोयीसाठी, अट घातली: प्रवेश द्यायचा तो त्या ग्राहकाची स्वतंत्र किल्ली आणि ब्रोकरने नोंदवलेला स्टॅटिक आयपी ह्यांवरूनच. त्यामुळे गिरगावातल्या एका खोलीत दोन स्क्रीन लावून बसणाऱ्या मुलालाही आता कायमचा पत्ता लागतो.

त्याला मी घरच्या लाइनवर स्टॅटिक घेण्याऐवजी दुसरा रस्ता सुचवला: मुंबईतल्याच डेटा सेंटरमध्ये छोटा सर्व्हर भाड्याने घे, प्रोग्रॅम तिथेच चालव. सर्व्हरबरोबर ठरलेला पत्ता मिळतो, घरची वीज गेली तरी सौदा अडकत नाही आणि घर बदललं तरी पत्ता तोच राहतो. पत्त्याचे पैसे मात्र तिथेही पडतात. अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्यासाठी तासाला अर्धा सेंट घेते, महिन्याचे साडेतीन डॉलरच्या वर. पत्ते किती दुर्मीळ झालेत ते ह्यावरून कळतं.

स्वतःचा मेल सर्व्हर चालवायचा असेल तर स्टॅटिक तर लागतोच, शिवाय त्या पत्त्याची उलटी नोंद, म्हणजे पीटीआर, कंपनीकडून करून घ्यावी लागते. नाहीतर तुमचे मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतात किंवा परत येतात. दहा माणसांच्या ऑफिसने ह्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मेलची सेवा विकत घ्या.

स्टॅटिक न घेता काम भागवायचं असेल तर

पत्ता पब्लिक आहे पण बदलतो, अशा वेळी डायनॅमिक डीएनएस वापरा. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी इंटरनेटची नोंदवही. मी ज्याला नाव देणं म्हणते ते हेच. राउटरच्या पानावर 'डीडीएनएस' नावाचा भाग असतो. एखाद्या सेवेवर खातं काढून एक नाव घ्यायचं, त्याची माहिती राउटरमध्ये भरायची. पत्ता बदलला की राउटर स्वतःच त्या सेवेला कळवतो आणि काही मिनिटांत तेच नाव नव्या पत्त्याकडे बोट दाखवू लागतं. परळच्या लॅबमध्ये मी शेवटी हेच केलं, आणि पुढे दोन वर्षं डॉक्टरांना पत्ता कधी बदलला ते कळलंही नाही.

सामायिक पत्त्यावर हा उपाय चालत नाही, हे नीट लक्षात घ्या. नाव वाण्याच्या फोनकडे बोट दाखवेल आणि फोन तिथेच थांबेल. अनेकांनी ह्यात दोन-दोन दिवस घालवलेत. तिथे दुसरी युक्ती लागते: आतल्या मशीननेच बाहेर जाऊन एका मधल्या ठिकाणी जोडून राहायचं, आणि तुम्हीही तिथेच यायचं. टेलस्केलसारख्या सेवा हे काम करतात. आपल्या ऑफिसच्या मशीनवर आणि घरच्या लॅपटॉपवर एकाच खात्याने बसवलं की दोन्ही मशीनं एकमेकांना दिसू लागतात; राउटरमध्ये एकही दार उघडावं लागत नाही. एका सीए सरांना टॅलीच्या मशीनवर घरून काम करायचं होतं. ते वर्षभराच्या स्टॅटिकचे पैसे भरायला निघाले होते. वीस मिनिटांत हे बसवून दिलं.

आयपीव्ही६ चं दोन ओळींत सांगते. तिथे पत्त्यांची टंचाई नाही, घरातल्या प्रत्येक मोबाइलला स्वतःचा खरा पत्ता मिळू शकतो. पण त्याचा पुढचा भाग कंपनी बदलू शकते, राउटर बाहेरून येणाऱ्याला मुळात अडवतो, आणि तुमच्याकडे येणाऱ्याच्या बाजूलाही आयपीव्ही६ असावं लागतं. स्वतःपुरतं वापरायला उत्तम. बँकेच्या किंवा ब्रोकरच्या यादीत द्यायचा असेल, तर ते आयपीव्ही६ घेतात का हे आधी त्यांना विचारा.

कंपनीला काय विचारायचं

स्टॅटिक घ्यायचं नक्की ठरलं, तरी 'स्टॅटिक द्या' एवढंच म्हणू नका. माझ्या एका गिऱ्हाइकाला स्थानिक जोडणीवाल्याने स्टॅटिक म्हणून पत्ता दिला, वर्षाचे पैसे आगाऊ घेतले. पत्ता खरोखर कधीच बदलत नव्हता, पण तो १० ने सुरू होणारा होता. म्हणजे वाण्याच्या दुकानात तुमच्यासाठी कायमचं स्टूल ठेवलं. फोन अजून वाण्याचाच. पैसे परत मिळवायला दीड महिना गेला.

म्हणून शब्द असे वापरा: "दादा, मला पब्लिक स्टॅटिक आयपीव्ही४ पाहिजे. बाहेरून माझ्या राउटरपर्यंत पोचणारा." मग विचारा की तो लॉगिन केल्यावर आपोआप येणार की हाताने भरावा लागणार. घरगुती जोडणीत युजरनेम-पासवर्डने राउटर डायल करतो, आणि कंपनी आपल्या बाजूला तुमच्या युजरनेमपुढे पत्ता बांधून ठेवते. तुम्हाला काहीच भरावं लागत नाही. लीज्ड लाइनवर, म्हणजे ऑफिसने घेतलेल्या स्वतंत्र लाइनवर, मात्र सगळं हाताने भरायचं असतं. आणखी विचारा: पैसे महिन्याचे की वर्षाचे, त्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, प्लॅन बदलला तर पत्ता राहील का, आणि कुठली पोर्ट बंद ठेवली आहेत का. मेलचं २५ नंबरचं पोर्ट तर बरेचदा बंद असतं. कुठे कुठे वेबसाइटची ८० आणि ४४३ ही असतात, आणि ते पैसे भरल्यावर कळतं. ओळखपत्र, पॅन, ऑफिस असेल तर जीएसटीचं प्रमाणपत्र आणि कशासाठी हवा ह्याचा अर्ज तयार ठेवा.

हे सगळं ईमेलवर लिहून घ्या. केबलवाला गल्लीतला, रोज भेटणारा, चांगला माणूस असतो. पण उद्या त्याची वरची कंपनी बदलली की तोंडी शब्द त्यालाही पाळता येत नाही.

बसवताना

हाताने भरायचा असेल तर चार गोष्टी मिळतील: पत्ता, सबनेट मास्क (पत्त्यांचा गट केवढा ते सांगणारा आकडा), गेटवे (कंपनीच्या बाजूचा पत्ता, ज्यातून बाहेर जायचं), डीएनएस. समजा पत्ता २०३.०.११३.१० आहे, मास्क २५५.२५५.२५५.२५२ आणि गेटवे २०३.०.११३.९. (हा गट फक्त उदाहरणांसाठी राखलेला आहे, कुणाचा खरा पत्ता नाही.) मास्कच्या शेवटच्या २५२ चा अर्थ चार पत्त्यांचा लहान गट, ८ ते ११. पहिला गटाचं नाव, शेवटचा सगळ्यांना हाक मारायचा, उरले दोन: ९ कंपनीचा, १० तुमचा. गेटवे आणि पत्ता अदलाबदल करून भरणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे. नेट चालत नसेल तर आधी तेच बघा.

हे राउटरमध्ये भरायचं, कॉम्प्युटरमध्ये नाही. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये १९२.१६८.१.५० असा आकडा पक्का करून 'माझ्याकडे स्टॅटिक आयपी आहे' म्हणणारे खूप भेटतात. तो घराच्या आतला क्रमांक झाला, बाहेरच्या जगाला तो दिसत नाही. पण त्याचाही उपयोग आहे. बाहेरून आलेलं पाकीट राउटरने आत नेमकं कुठल्या यंत्राकडे द्यायचं ते पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये सांगावं लागतं, आणि त्या यंत्राचा आतला क्रमांक बदलला तर पाकीट रिकाम्या खोलीत जातं. तेव्हा राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे आतले क्रमांक वाटणाऱ्या, भागात 'रिझर्व्हेशन' करून रेकॉर्डर किंवा सर्व्हरचा आतला क्रमांक बांधून टाका.

झाल्यावर तपासणी मोबाइलच्या डेटावरून करा. घरच्याच वायफायवरून आपल्या पब्लिक पत्त्यावर गेलं तर बरेच राउटर ते आत वळवत नाहीत, आणि बरोबर बसवलेलं असूनही चालत नाही असं वाटतं.

आता जे सांगते आहे ते कृपा करून टाळू नका. पब्लिक पत्त्यावर उघडलेलं दार सगळ्या जगाला दिसतं. स्टॅटिक असेल तर ते दार कायम त्याच जागी असतं, आणि दिवसरात्र पत्ते चाचपडत फिरणारे प्रोग्रॅम ते थोड्याच वेळात शोधतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर हजारोंनी ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्याच माऱ्याने डाइन ह्या डीएनएस कंपनीला पाडलं आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट काही तास उघडेनात. त्यातला एखादा कॅमेरा आपल्या सोसायटीच्या गेटवरचाही असू शकतो. म्हणून रेकॉर्डरचा, राउटरचा पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. राउटरचं पान बाहेरून उघडण्याची सोय आणि यूपीएनपी (आतल्या यंत्रांनी आपणहून दारं उघडायची सोय) बंद करा. आणि विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचं, ३३८९ पोर्ट थेट बाहेर उघडू नका, कुणीही सांगितलं तरी. दादरच्या एका व्यापाऱ्याची सहा वर्षांची हिशेबाची फाइल ह्याच दारातून आलेल्यांनी कुलूपबंद केली. बॅकअप त्याच मशीनवर होता. मला बोलावलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. राउटरमध्ये व्हीपीएन बसवा, वायरगार्ड प्रकारचा असेल तर उत्तम, आणि आधी व्हीपीएन, मग डेस्कटॉप असंच आत या.

दोन व्यवहाराच्या गोष्टी राहिल्या. स्टॅटिक पत्ता कंपनीचा असतो, तुमचा नाही. कंपनी सोडली की तो गेला. म्हणून स्टॅटिक असूनही स्वतःचं डोमेन नाव घेऊन ते ह्या पत्त्याकडे वळवा आणि शाखांना, डॉक्टरांना, कर्मचाऱ्यांना नावच द्या. उद्या कंपनी बदलली तर एका ठिकाणी एक आकडा बदलायचा. बँक किंवा ब्रोकर ह्यांना मात्र आकडाच लागतो, त्यामुळे जुनी जोडणी तोडायच्या आधी नवा पत्ता त्यांच्या यादीत चढवून घ्या.

आणि स्टॅटिकची वर्गणी बऱ्याच ठिकाणी प्लॅनपासून वेगळी असते. प्लॅनचं बिल आपोआप भरलं जातं, नेट चालू असतं, आणि स्टॅटिकची मुदत संपल्यावर पत्ता गुपचूप डायनॅमिकवर किंवा सामायिकवर जातो. नेट चालतंय म्हटल्यावर कुणाला संशयही येत नाही. माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या राउटरवर मी एक कागद चिकटवते: पत्ता, गेटवे, युजरनेम, कंपनीचा तक्रार नंबर, आणि खाली लाल पेनाने मुदतीची तारीख. तीच तारीख, आठ दिवस आधीची आठवण लावून, माझ्या मोबाइलमध्येही असते.